पोटातले बटईदार आणि हृदयाच्या नसा

अँजिओप्लास्टी करून माणूस लातूरहून किंवा संभाजीनगरहून गावी परतला की भेटायला येणारे दोन गोष्टी हमखास विचारतात. ब्लॉकेज किती होते, आणि आता काय काय खायचं बंद केलंय. दुसऱ्याचं उत्तर ठरलेलं असतं: अंडी, मटण, तूप. का, तर चरबी. उत्तर बरोबरच आहे, फक्त त्यात एक गडी मोजायचा राहून जातो. तो म्हणजे आपल्या आतड्यात राहणारे जिवाणू.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये स्टॅनले हेझन यांच्या गटानं निरोगी माणसांना दोन-दोन उकडलेली अंडी खाऊ घातली. सोबत लेसिथिनची, म्हणजे अंड्याच्या बलकात असणाऱ्या एका स्निग्ध पदार्थाची, एक कॅप्सूल दिली. त्या लेसिथिनवर जड हायड्रोजनची खूण होती, म्हणजे शरीरात ते कुठं कुठं जातं याचा माग काढता यावा. काही तासांत रक्तात टीएमएओ नावाचं एक संयुग वाढलं. मग त्यांच्यातल्या काहींना आठवडाभर मेट्रोनिडॅझोल आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन दिलं. (जुलाब लागले की आपल्याकडं मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय आणतात, त्याच या गोळ्या.) पुन्हा दोन अंडी दिली, तर टीएमएओ जवळजवळ गायब. गोळ्या थांबल्या, महिनाभर गेला, पोटात जिवाणूंची वस्ती परत बसली आणि पुन्हा अंडी दिल्यावर टीएमएओ परत हजर. माणसं तीच, अंडी तीच. फरक होता तो आतड्यात कोण राहतंय याचा.

घडतं ते असं. अंड्यातलं लेसिथिन आणि मटणातलं कार्निटिन यांवर आतड्यातले काही जिवाणू ताव मारतात आणि टीएमए नावाचा वायू सोडतात. सडक्या मासळीला जो वास येतो तो याचाच. वायू रक्तातून यकृताकडं जातो, तिथलं एक विकर त्याचं टीएमएओ करतं. अंड्यांच्या या प्रयोगाचा निबंध 2013 साली छापून आला तेव्हा त्यात अँजिओग्राफीसाठी आलेल्या 4,007 रुग्णांची तीन वर्षांची नोंदही होती. ज्यांचं टीएमएओ सगळ्यांत वरच्या चौथाईत होतं, त्यांना हार्ट अटॅक, लकवा किंवा मृत्यू यांचा धोका सगळ्यांत खालच्या चौथाईपेक्षा अडीचपट निघाला. पुढं 2016 मध्ये याच गटानं दाखवलं की टीएमएओमुळं रक्तातल्या प्लेटलेट्स जास्त चटकन चिकटतात, म्हणजे गुठळी लवकर धरते. नसेत थर साचणं हा वर्षानुवर्षांचा मामला. माणूस जातो तो बहुतेक वेळा थर फुटून त्यावर गुठळी बसते तेव्हा.

इथं लातूरच्या वाचकाचे कान टवकारले असतील, कारण लेसिथिन निघतं सोयाबीनच्या कच्च्या तेलातूनही. बिस्किटात, चॉकलेटात ते सर्रास असतं. म्हणून लगेच सोयाबीनला दोष देऊ नये. लेसिथिनमधलं कोलीन शरीराला लागतंच, ते कमी पडलं तर यकृतात चरबी साठते.

मला या साऱ्यात सगळ्यांत मजेशीर वाटतो तो दुसरा प्रयोग, त्याच गटाचा आणि 2013 सालचाच. दूधसुद्धा न घेणारा, वर्षानुवर्षं पूर्ण शाकाहारी असलेला एक माणूस गोमांसाचा तुकडा खायला तयार झाला. आपल्याकडं पिढीजात माळकऱ्याला असं काही खाऊ घालण्याची कुणाची छाती होणार नाही! त्याच्या रक्तात टीएमएओ जवळजवळ वाढलंच नाही, नेहमी मांस खाणाऱ्यांच्या रक्तात मात्र चांगलं वाढलं. आतड्यातले जिवाणू बटईदारासारखे असतात, मालक वर्षानुवर्षं जे पीक घ्यायला लावतो त्याचीच अवजारं त्यांच्याकडं असतात. मांस कधी आलंच नाही तर मांस कसणारे टिकत नाहीत.

टीएमएओच्या गोष्टीत एक खोच आहे. समुद्री माशांच्या अंगात ते आयतंच असतं, खाल्ले की रक्तात भरपूर वाढतं, आणि तरीही मासे खाणाऱ्यांना हृदयविकार जास्त होतो असं दिसत नाही. (जायकवाडीच्या गोड्या पाण्यातल्या माशांत ते फारसं नसतं.) शिवाय टीएमएओ बाहेर टाकतं मूत्रपिंड. ते थकलं की टीएमएओ साचतं, आणि मूत्रपिंड थकलेल्यांना हृदयविकार तसाही जास्त असतो. म्हणून ते गुन्हेगार किती आणि साक्षीदार किती, हा वाद संपलेला नाही.

जिवाणू आणि नसा यांचा संबंध लावण्याची पहिली खेप याहून जुनी आहे. 1988 साली फिनलंडच्या संशोधकांना हृदयरुग्णांच्या रक्तात क्लॅमिडिया न्यूमोनी या जिवाणूविरुद्धची प्रतिपिंडं जास्त सापडली. मग तर्क सरळ होता: हा संसर्ग असेल तर अँटिबायोटिक द्या. एका मोठ्या चाचणीत 4,012 हृदयरुग्णांपैकी निम्म्यांना वर्षभर दर आठवड्याला ॲझिथ्रोमायसिनची गोळी दिली. 2005 मध्ये निकाल आला, फायदा शून्य. इतरही चाचण्या अशाच आपटल्या. जंतू मारून नसा मोकळ्या होतील ही आशा तिथं मावळली.

तोंडातल्या जंतूंचं प्रकरण मात्र अजून जिवंत आहे. हिरड्या सुजून दात हलायला लावणाऱ्या जिवाणूंचा डीएनए शस्त्रक्रियेत काढलेल्या नसांच्या थरात सापडतो. पायोरिया झालेल्या हिरडीला ब्रश लागला की रक्त येतं, म्हणजे वाट उघडीच असते, जंतू सहज रक्तात उतरतात. आपल्याकडच्या कित्येक आजी आणि काकू सकाळी तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मिश्री बोटानं हिरडीवर घासतात, आणि दातदुखीवर औषध म्हणून दिवसातून दोन-तीनदा घासतात. तंबाखूनं हिरडीचं रक्त कमी होतं, त्यामुळं रोग आत वाढत असला तरी रक्त फारसं दिसत नाही, आणि निकोटिन नसा आवळतं ते वेगळंच. अमेरिकन हार्ट असोसिएशननं 2012 मध्ये सगळे अभ्यास चाळून सांगितलं की हिरड्यांचा रोग आणि हृदयविकार जोडीनं आढळतात हे खरं, पण एकामुळं दुसरा होतो हे सिद्ध झालेलं नाही. उलट, जिभेवरचे काही जिवाणू तर उपकारीच: पालक-चुक्यासारख्या भाज्यांतल्या नायट्रेटचं ते नायट्राइट करतात, त्यातून पुढं नसा सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड बनतं. जंतुनाशक माउथवॉशनं त्यांना धुऊन काढलं की ब्लडप्रेशर थोडं चढतं, असं प्रयोगांत दिसलं आहे.

आता भाकरी. ज्वारीतला, तुरीतला, हुलग्यातला जो चोथा आपल्याला पचत नाही तो मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात आणि ब्युटिरेट तयार करतात. आतड्याच्या अस्तराचं हे मुख्य खाद्य. चोथा मिळेनासा झाला की उंदरांत जिवाणू आतड्याचा बुळबुळीत थरच खाऊ लागतात. तो पातळ झाला की जिवाणूंचे विषारी तुकडे रक्तात झिरपतात, अंगभर बारीक सूज राहते, आणि नसांतला थर याच सुजेवर पोसला जातो. मराठवाड्यात खरिपाची ज्वारी गेली आणि सोयाबीन आलं. घरात रेशनचा गहू-तांदूळ आला आणि भाकरी कित्येक ताटांतून उठली. हुलग्याचं माडगं तर नातवंडांना नावानंही माहीत नसतं.

ताजी बातमी 2025 सालची, स्पेनच्या राष्ट्रीय हृदय संशोधन केंद्रातली. आतड्यातले काही जिवाणू हिस्टिडिन या अमिनो आम्लापासून इमिडॅझोल प्रोपिओनेट बनवतात. उंदरांना नुसतं तेच दिलं तर कोलेस्टेरॉल न वाढता त्यांच्या नसांत थर धरला. वरून निरोगी दिसणाऱ्या पण नसांत थराची सुरुवात झालेल्या माणसांच्या रक्तातही ते जास्त आढळलं. पेशीवरच्या ज्या रिसेप्टरवर, म्हणजे कुलपासारख्या जागेवर, ते बसतं तो औषधानं अडवला की उंदरांत थर वाढायचा थांबतो. माणसांवर हे अजून व्हायचंय, त्यामुळं 'आतडं साफ तर नसा साफ' म्हणत कुणी पुडी विकायला आला तर त्याच्याकडं विकण्यासारखं आज काही नाही.