प्राचीन इजिप्तमधील अलंकरण

नाईलच्या खोऱ्यात इ. स. पू. चौथ्या सहस्रकापासून रोमन राजवटीपर्यंत चालत आलेली दागिने, नेत्रांजन, केशभूषा व सुगंधी तेले यांची परंपरा. कला वेगळी आणि नट्टापट्टा वेगळा, अशी वाटणी इजिप्शियन लोकांनी केलेली दिसत नाही. मंदिराच्या भिंतीवर कोरलेली चिन्हेच गळ्यातल्या ताईतावर असत. ती जिवंतपणी आणि मेल्यावरही राखण करतात, अशी समजूत होती.

सर्वांत जुना पुरावा रंग वाटायच्या दगडी पाट्यांचा. राजवंशपूर्व (पहिल्या राजघराण्याच्या आधीच्या) काळातल्या थडग्यांत त्या मृताशेजारी ठेवलेल्या आढळतात. त्यांवर मॅलाकाइट हे तांब्याचे हिरवे खनिज वाटून डोळ्यांना लावत. हायराकोनपोलिसची नारमेर राजाची प्रसिद्ध पाटी (इ. स. पू. सु. ३१००) याच जातीची. सुमारे ६४ सेंमी. उंचीच्या या पाटीवर राजाचा विजय कोरला आहे. पण दोन श्वापदांच्या लांब माना गुंफून मधे जी वाटोळी खळगी सोडली आहे, ती रंग वाटण्याची. एवढी मोठी पाटी रोजच्या वापरातली नव्हे, मंदिरात अर्पण केलेली. तरी खळगी राहिलीच.

हिरव्याची जागा पुढे बहुतांशी काळ्या अंजनाने घेतली. त्याला मराठीत सर्रास काजळ म्हणतात, ते तितकेसे बरोबर नाही. काजळ दिव्यावर धरतात. हे अंजन गॅलिना या शिशाच्या खनिजाचे, म्हणजे सुरम्याच्या जवळचे. गॅलिनाच्या खाणी तांबड्या समुद्राकाठी गेबेल अल-झैत येथे होत्या. लूव्र संग्रहालयातल्या डब्यांमधील अंजन तपासले, तेव्हा निसर्गात क्वचित मिळणारे शिशाचे क्षार त्यात आढळले. ते मुद्दाम घडवलेले असावेत, असा निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. अंजन बायकांप्रमाणे पुरुषही घालत.

दागिन्यात किमतीइतकाच रंग महत्त्वाचा. देवांचे मांस सोन्याचे, हाडे चांदीची आणि केस लाजवर्द या निळ्या दगडाचे अशी कल्पना होती. लाजवर्द थेट अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून येई, पिरोजा सिनाईतून, तर तांबडा अकीक पूर्वेकडच्या वाळवंटात मिळे. हे ज्याला परवडत नसे त्याच्यासाठी फेयान्स होते: गारगोटीची पूड, थोडा चुना, क्षार आणि तांब्याचा अंश मळून भाजला की वर निळा-हिरवा चकचकीत थर येई. त्याला ‘झळाळणारे’ अशा अर्थाचे नाव होते. फेयान्सला गरिबाचा पिरोजा म्हणणे अर्धेच खरे. राजांच्या थडग्यांतही ते भरपूर सापडते.

‘वेसेख’ ही खांदाभर पसरणारी मण्यांची रुंद माळ या कलेची खूणच. ती पुढे ओघळू नये म्हणून पाठीवर तोलाचे लोलक सोडत. सक्कारा येथील मेरेरुका या वजिराच्या थडग्यात अशा माळा गाठवणारे ठेंगू कारागीर कोरले आहेत. थीब्झच्या सोबेकहोतेप या अधिकाऱ्याच्या थडग्यातून ब्रिटिश म्युझियममध्ये गेलेल्या चित्रात कारागीर एकाच धनुकलीने अनेक गिरमिटे फिरवून मण्यांना वेज पाडताना दिसतात.

जडावकामाचा कळस बाराव्या राजवंशात (इ. स. पू. सु. १९९०–१८००) गाठला गेला. लाहुन येथे १९१४ मध्ये सिथाथोर्युनेत या राजकन्येचे दागिने मिळाले. त्यांतल्या पदकात सोन्याच्या पट्ट्यांच्या घरांत ३७२ खडे घासून बसवले आहेत. पदक उलटे केले की तेच बहिरी ससाणे, तोच सूर्य, नुसत्या सोन्यावर बारकाईने कोरलेले दिसतात. ही बाजू अंगाला टेकणारी, कोणाला न दिसणारी.

याहून कितीतरी जुन्या कंकणांची कथा मात्र चुटपुट लावणारी आहे. अबायडॉस येथे १९०१ मध्ये पहिल्या राजवंशातल्या जेर राजाच्या थडग्याच्या भिंतीतल्या भोकात पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांच्या मजुरांना कापडात गुंडाळलेला एक हात सापडला. बहुधा चोराने दडवलेला. त्यावर सोने, पिरोजा, लाजवर्द व जांभळा स्फटिक यांची चार कंकणे जशीच्या तशी होती, त्यामुळे मण्यांचा मूळ क्रम कळला. कंकणे कैरोच्या संग्रहालयात गेली. हात आणि कापड तिथल्या अधिकाऱ्याने फेकून दिले. आता त्या हाताचे छायाचित्र तेवढे उरले आहे.