तारली कुठे गेली होती?

गटारी जवळ आली की फोनवर एक निरोप हमखास फिरतो. ‘२०४८ पर्यंत समुद्रात एकही मासा उरणार नाही, तेव्हा आत्ताच खाऊन घ्या.’ सोलापुरात तो जरा जास्तच चवीने वाचला जातो. आपला मासा उजनीचा, चिलापी नाहीतर कटला. समुद्राशी आपला संबंध आठवडी बाजारातल्या सुकट-बोंबलापुरता. लांबच्या कुणाचं वाटोळं झाल्याची बातमी माणसाला लवकर पटते.

२०४८ हा आकडा मात्र कुणी मनाने रचलेला नाही. बोरिस वर्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध छापला. जगभरच्या मासेमारीच्या नोंदी त्यांनी चाळल्या. एखाद्या माशाची पकड तिच्या आजवरच्या सर्वांत मोठ्या पकडीच्या १० टक्क्यांखाली गेली, की तो साठा ‘कोसळला’ असं धरलं. मग कोसळलेल्यांचा आलेख तसाच पुढे वाढवला, आणि तो २०४८ च्या सुमारास १०० टक्क्यांना टेकला. यावर बराच वाद झाला. शेवटी वर्म यांनी त्यांचे टीकाकार रे हिलबॉर्न यांच्याबरोबरच २००९ मध्ये नव्याने हिशेब मांडला, आणि जिथे मासेमारीला लगाम घातला गेला तिथले साठे सावरू लागलेत असं लिहिलं. हा दुसरा निबंध कुणी फॉरवर्ड करत नाही.

ती १० टक्क्यांची कसोटी आपल्या तारलीला लावून बघा. तारली म्हणजे केरळातली मत्ती, तेलकट, चंदेरी, वीतभर मासा. २०१२ मध्ये एकट्या केरळात सुमारे ४ लाख टन तारली सापडली होती. २०२१ मध्ये सापडली फक्त ३,२९७ टन. म्हणजे १० टक्के सोडा, १ टक्काही नाही. कसोटीप्रमाणे मासा संपला, वर्तमानपत्रांनीही तसंच लिहिलं. आणि २०२३ मध्ये त्याच किनाऱ्यावर १ लाख ३८ हजार टन तारली उतरली. ही आकडेवारी कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची आहे, ऐकीव नाही.

आता एक सावधगिरी. पकड म्हणजे साठा नव्हे. २०१९ मध्ये महाराष्ट्राची सागरी मासळी २ लाख टनांवर आली, ४५ वर्षांतला नीचांक. लगेच ‘समुद्र रिकामा’ असे मथळे झळकले. पण त्या वर्षी अरबी समुद्रात वायू, हिक्का, क्यार, महा अशी वादळांमागून वादळं आली आणि होड्या किनाऱ्याला बांधून ठेवाव्या लागल्या. जाळं पाण्यात पडलंच नाही तर मासा दिसणार कुठून? म्हणून मत्स्यशास्त्रज्ञ एकूण पकडीपेक्षा एका होडीला एका फेरीत किती मिळालं हे बघतात. तारलीच्या बाबतीत मात्र ही पळवाट चालत नाही. होड्या जात होत्या, जाळी पडत होती, मासाच नव्हता.

मग तो गेला कुठे? या प्रश्नाचं उत्तर बरेच जण ‘दुसरीकडे गेला’ असं देतात. कळप सरकतो हे खरंच आहे. १९८५ च्या आधी तारली मुख्यतः ८ ते १४ अंश अक्षांशांच्या पट्ट्यात सापडे. पुढे पाणी तापत गेलं तसा तिचा वावर उत्तरेला, कोकण-गुजरातकडे आणि पूर्व किनाऱ्यावरही वाढला. पण लाखो टनांचा चढउतार निव्वळ स्थलांतराने होत नाही. बहुतेक वेळा मासा कुठेही जात नाही, तो जन्मल्यावर जगतच नाही.

हे पहिल्यांदा नीट ओळखलं नॉर्वेच्या योहान योर्ट यांनी. माशाच्या खवल्यावर वर्तुळं असतात आणि त्यांवरून त्याचं वय काढता येतं. योर्ट यांच्या लोकांनी हेरिंग माशाचे हजारो खवले तपासले तेव्हा विचित्र गोष्ट दिसली. जाळ्यात सगळ्या वयाचे मासे येतच नव्हते. १९०४ साली जन्मलेली एकच पिढी वर्षानुवर्षं जाळी भरत होती, तिच्या आगेमागे जन्मलेल्यांचा पत्ता नव्हता. १९०४ मध्ये हेरिंगने अंडी जास्त घातली होती असं मानायला काही आधार नव्हता. त्या वर्षी पिल्लं जगली, एवढंच. १९१४ मध्ये योर्ट यांनी मांडलं की माशाच्या साठ्याचं भवितव्य ठरतं ते अंड्यातून बाहेर आल्यावरच्या पहिल्या काही दिवसांत. पोटाला चिकटलेला बलक संपतो आणि पिल्लाला पहिला घास स्वतः शोधावा लागतो, तेव्हा.

मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याला हे वेगळं समजवायला नको. मालदांडी पेरताना काळ्या रानात ओल असली तर ज्वारी पुढे थंडीवर आणि दंवावर निघते. उगवणीलाच ओल नसेल तर मागाहून कितीही पाऊस पडो, दुबार पेरणीच नशिबी.

यातला हिशेब फार मजेशीर आहे. तारलीची एक मादी हजारोंनी अंडी घालते. आपण ५० हजार धरू. साठा जेवढ्यास तेवढा राहायचा तर त्यातली जेमतेम दोन जगून मोठी व्हायला हवीत. म्हणजे मृत्युदर ९९.९९६ टक्के. तो ९९.९९२ झाला, तर दोनाऐवजी चार जगतात आणि पुढची पिढी दुप्पट. टक्केवारीत हा फरक कुणाच्या नजरेतही भरणार नाही, लिलावात मात्र भाव निम्म्यावर येतो. शिवाय हेरिंग वीस-वीस वर्षं जगते, एक चांगली पिढी तिला दहा वर्षं पुरते. तारलीचं आयुष्यच अडीच-तीन वर्षांचं. लागोपाठ दोन पिढ्या बुडाल्या की खाली कुणी शिल्लकच नसतं, आणि दोन पिढ्या साधल्या की समुद्र पुन्हा चंदेरी.

तर पहिला घास. तो कुठून येतो? इथे मला जरा सविस्तर लिहू द्या, कारण अख्ख्या समुद्रशास्त्रात मला याहून देखणी गोष्ट ठाऊक नाही.

पिल्लं खातात प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव. मोठी तारली डायटम नावाच्या एकपेशीय वनस्पतींवरही ताव मारते. १९५५ मध्येच आपल्या शास्त्रज्ञांनी ‘फ्रॅजिलेरिया ओशनिका’ नावाचा डायटम वाढला की तारली वाढते असं दाखवलं होतं. डायटमला लागतं ऊन आणि खत, म्हणजे नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट. ऊन वर असतं. खत मात्र खाली असतं, कारण मेलेलं सगळं खाली बुडतं आणि तिथे कुजतं. खालचं गार, खतावलेलं पाणी वर कोण आणणार? वारा. पण वारा ज्या दिशेने वाहतो त्या दिशेला पाणी ढकलत नाही, आणि गंमत तिथेच आहे.

फ्रित्यॉफ नान्सेन यांनी १८९३ मध्ये ‘फ्राम’ नावाचं जहाज मुद्दाम उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फात अडकवून ठेवलं आणि तीन वर्षं ते बर्फासोबत वाहू दिलं. त्यांना दिसलं की बर्फ वाऱ्याच्या दिशेने न जाता २० ते ४० अंश उजवीकडे सरकतो. याचं गणित स्वीडनच्या वॉल्फ्रिड एकमन यांनी १९०५ मध्ये मांडलं. पृथ्वी फिरते, त्यामुळे उत्तर गोलार्धात हलणारी वस्तू उजवीकडे वळते. वाऱ्याने पाण्याचा सर्वांत वरचा थर ओढला, तो उजवीकडे वळला. त्याने खालचा थर ओढला, तो आणखी उजवीकडे वळला, पण वेग कमी. त्याने त्याच्या खालचा. असा जिना वळत वळत कित्येक मीटर खाली जातो आणि विरतो. सगळ्या थरांची बेरीज केली तर पाणी वाऱ्याच्या बरोबर काटकोनात, उजवीकडे, गेलेलं असतं. बरोबर ९० अंश. समुद्र किती खवळलेला आहे याचा त्या ९० शी काही संबंध नाही.

आता दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. उजवा हात पश्चिमेला येतो. पावसाळ्यात केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्यालगत वारा उत्तर-वायव्येकडून दक्षिणेकडे, किनाऱ्याला समांतर वाहतो. म्हणजे वरचं पाणी पश्चिमेला, खोल समुद्रात जातं. पूर्वेला जमीन आहे, तिथून भरपाई होणार नाही. मग जागा भरायला पाणी खालूनच वर येतं. यालाच उद्वाहन म्हणतात.

किती येतं? वाऱ्याचा पाण्यावरचा ताण भागिले पाण्याची घनता आणि कोरिओलिस गुणांक (पृथ्वी फिरल्याने येणारं वळण मोजणारा आकडा) यांचा गुणाकार. वारा ताशी २० किलोमीटर असेल तर ताण साधारण ०.०५ न्यूटन प्रति चौरस मीटर. गुणांक पृथ्वीच्या फिरण्यावर आणि अक्षांशाच्या साइनवर अवलंबून; कोचीच्या १० अंशांवर तो सेकंदाला ०.००००२५. भागाकार केला की उत्तर येतं, किनाऱ्याच्या दर मीटरमागे सेकंदाला जवळपास २ घनमीटर, म्हणजे २ हजार लिटर. ही भरपाई ५० किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यातून झाली तर पाणी दिवसाला सुमारे साडेतीन मीटर वर चढतं. उद्वाहन ऐकलं की उसळणारं कारंजं डोळ्यासमोर येतं, प्रत्यक्षात हे इतकं संथ आहे. आणि गुणांक छेदात आहे हे विसरू नका. विषुववृत्ताकडे गेलं की साइन घटतो, पाणी वाढतं. तोच वारा १७ अंशांवर, रत्नागिरीसमोर, वाहिला तर कोचीच्या साठ टक्केच पाणी हलेल. (विषुववृत्तावर साइन शून्य, उत्तर अनंत, तिथे हे सूत्र मोडतं आणि वेगळं गणित लागतं. ते पुन्हा कधीतरी.)

वारा जास्त तर मासा जास्त, असंही नाही. फिलिप क्यूरी आणि क्लॉद रॉय यांनी १९८९ मध्ये पेरू, कॅलिफोर्निया, पश्चिम आफ्रिका इथली आकडेवारी एकत्र पाहिली. वारा मंद असला तर खत वर येत नाही. फार जोराचा असला तर पाणी घुसळून निघतं, अन्न विरळ होतं आणि पिल्लं खोल समुद्रात फेकली जातात. पिल्लांना मानवतो तो मधला वारा, सेकंदाला ५ ते ६ मीटर. ताशी काढा, २० किलोमीटरच्या आसपास.

सोलापूरहून सरळ पश्चिमेला गेलं तर सुमारे ३०० किलोमीटरवर दाभोळ-दापोलीचा समुद्र लागतो. तिथे मात्र हे चित्र बदलतं. पावसाळी वारा तिथे किनाऱ्यावर बराचसा आडवा आदळतो, शिवाय सह्याद्रीवरून उतरलेलं गोडं पाणी खाऱ्यावर झाकणासारखं पसरतं. खालून सरकत आलेलं पाणी त्या झाकणाखाली कोंडतं आणि त्यातला प्राणवायू कुजण्यात संपतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या नक्वी यांच्या गटाने २००० साली ‘नेचर’मध्ये हे दाखवून दिलं, आणि ही कोंडी वाढत चालल्याचंही. सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाशी राहणारी मासळी तिथून काढता पाय घेते. नेमकी ती होड्या नुकत्याच सुटल्यानंतरची वेळ, म्हणून शंका घेतली जाते ती थेट ट्रॉलरवर.

    

२०१५ चा एल निनो सोलापूरकर विसरलेले नसतील. पुढच्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तेव्हाच केरळात तारलीची पकड ५० हजार टनांच्या खाली गेली होती. कोचीच्या मत्स्य संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दोन कारणं दिली: बदललेला समुद्र, आणि पिल्लांची बेसुमार पकड. दोन्ही एकदम घडलं.

मासेमारी निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. पण माणसाने जाळं टाकण्याआधीही हे चढउतार होते. कॅलिफोर्नियाजवळ सांता बार्बराच्या खोऱ्यात तळाला प्राणवायू नसतो, त्यामुळे गाळाचे थर किड्यांनी न उकरता जसेच्या तसे राहतात आणि त्यात माशांचे खवले अडकून असतात. तो गाळ थराथराने तपासून १९९२ मध्ये १,७०० वर्षांचा इतिहास लिहिला गेला. तिथली तारली साधारण साठ-साठ वर्षांच्या अंतराने उगवली आणि मावळली, अख्ख्या कळपाला वेढून पकडणाऱ्या पर्ससीन जाळ्याचा जन्मही झालेला नसताना. उतार चालू असताना माणूस काय करतो त्यावर पुढचं ठरतं. पेरूने १९७० मध्ये १ कोटी २० लाख टनांहून अधिक अँचोव्ही काढली. १९७२ ला एल निनो आला, होड्या थांबल्या नाहीत, १९७३ मध्ये पकड २० लाख टनांच्या खाली. तो मासा सावरायला दोन दशकं गेली. मद्रास सरकारने १९४३ मध्ये मलबारात तारलीच्या पिल्लांची पकड रोखली होती. महाराष्ट्राने ५४ जातींसाठी पकडण्याजोगी किमान लांबी ठरवली, ती २०२३ मध्ये.

आणि आता उलटा पेच. २०२४ मध्ये पाऊस-वारा जुळून आले, पिल्लं अमाप जगली, इतकी की त्यांना अन्न पुरेना. केरळच्या बंदरांवर तारलीचे ढीग लागले, पण मासा बोटभर, काटकुळा, आणि भाव पार कोसळलेला. तिथे तारलीसाठी किमान लांबी १० सेंटिमीटर आहे. यातले बरेच मासे ती मोजपट्टी ओलांडतात, म्हणजे कायद्याने पकडायला मोकळे. वयाने मोठे पण उपाशी अशा या माशांची विरळणी करावी, की पुढच्या पावसात अंडी घालायला तसेच सोडावेत? ते अंडी घालतील तोवर वारा ताशी वीसचा राहील याची हमी कोण घेणार, असं होडीवाले विचारतात, आणि त्यांचं चूक नाही.