जॉर्ज स्टीफन्सन : बालपण आणि सुरुवातीचा संघर्ष

जॉर्ज स्टीफन्सन (९ जून १७८१ – १२ ऑगस्ट १८४८) : इंग्लिश यंत्रज्ञ आणि संशोधक. ‘रेल्वेचे जनक’ म्हणून त्यांना जग ओळखते. रुळांवरून चालणारे वाफेचे इंजिन त्यांच्याआधी रिचर्ड ट्रेव्हिथिक यांनी १८०४ मध्ये वेल्समध्ये चालवून दाखवले होते. ते यंत्र रोजच्या वाहतुकीला पुरेल इतके भरवशाचे करण्याचे श्रेय मात्र मोठ्या प्रमाणात स्टीफन्सन यांचे. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत त्यांना अक्षरओळखही नव्हती. यंत्राचे ज्ञान त्यांना हातांनी आधी झाले आणि अक्षरांनी नंतर. त्यांची बलस्थाने आणि त्यांच्या वाट्याला आलेले अपमान या दोन्हींचे मूळ येथेच आहे.

इंग्लंडच्या ईशान्य भागात, न्यूकॅसलच्या पश्चिमेस सुमारे १५ किमी. अंतरावर टाइन नदीकाठी वायलम हे खाणकामगारांचे गाव होते. तेथील ज्या घरात जॉर्जचा जन्म झाला, त्यात चार कुटुंबे राहत. प्रत्येकाच्या वाट्याला एकच खोली. वडील रॉबर्ट हे खाणीतले पाणी उपसणाऱ्या वाफेच्या पंपावर फायरमन (भट्टीत कोळसा घालणारे कामगार) होते. त्यांना आणि आई मेबल यांना लिहिता-वाचता येत नव्हते. सहा मुलांची पोटे भरल्यावर शाळेसाठी काही उरत नसे. घराच्या दारावरूनच लाकडी रुळांचा मार्ग जात असे आणि घोडे त्यावरून कोळशाच्या वाघिणी ओढत नेत. गायी रुळांवर जाऊ नयेत म्हणून त्या राखणे हे जॉर्जचे पहिले कमाईचे काम. मजुरी दिवसाला २ पेनी (त्या काळी १२ पेनींचा १ शिलिंग आणि २० शिलिंगांचा १ पौंड होई). गायी चरत असताना हा मुलगा मातीची इंजिने करून त्यांना पोकळ देठांच्या नळ्या जोडत बसे. पुढे कोळशातले दगड वेचणे, रहाटाचे घोडे हाकणे अशी कामे करत चौदाव्या वर्षाच्या सुमारास तो वडिलांच्या हाताखाली भट्टीवर लागला. सतराव्या वर्षी न्यूबर्नजवळच्या खाणीतील पंपाचे इंजिन त्याच्या ताब्यात देण्यात आले. त्याच खाणीवर वडील अजून फायरमनच होते. म्हणजे मुलाचा हुद्दा बापाच्या वर गेला. शनिवारी काम थांबले की तो इंजिन खोलून दट्ट्या, झडपा साफ करी आणि पुन्हा जोडून ठेवी. हीच त्याची खरी शाळा म्हणावी लागेल.

त्या शाळेची मर्यादाही त्याला लवकरच कळली. जेम्स वॉट यांच्या इंजिनांविषयीचा मजकूर दुसऱ्या कोणीतरी वाचून दाखवल्याशिवाय त्याला कळत नसे. म्हणून अठराव्या वर्षी त्याने रात्रशाळा धरली. आठवड्यातून तीन रात्री, फी मजुरीतून. वर्षभरात त्याला सही करता येऊ लागली. गणितात तो झपाट्याने पुढे गेला. गुरुजींनी पाटीवर घालून दिलेली उदाहरणे तो पाळीवर इंजिनाशेजारी बसून सोडवी आणि संध्याकाळी तपासायला देई.

१८०२ मध्ये स्टीफन्सन यांनी फ्रान्सेस हेंडरसन यांच्याशी विवाह केला आणि ते ‘विलिंग्टन की’ या गावी राहू लागले. खाणीतून कोळसा वर ओढणाऱ्या यंत्रावरची मजुरी अपुरी पडे, म्हणून ते रात्री जोडे शिवत, घड्याळे दुरुस्त करत. घराच्या धुराड्याला लागलेली आग शेजाऱ्यांनी पाण्याने विझवली, त्यात काजळीने बंद पडलेले स्वतःचे घड्याळ त्यांनी खोलून नीट केले आणि तेव्हापासून गावकरी आपली घड्याळे त्यांच्याकडे आणू लागले, असे सांगतात. १८०३ मध्ये मुलगा रॉबर्ट झाला. १८०५ मध्ये झालेली मुलगी अवघे तीन आठवडे जगली आणि १८०६ मध्ये फ्रान्सेस क्षयाने गेल्या. तेव्हा स्टीफन्सन पंचविशीत होते.

मुलाला गावातल्या एका बाईंकडे ठेवून ते स्कॉटलंडमधील माँट्रोझ येथे कामाला गेले, तेही पायी. परतले तेव्हा वडील वाफेने भाजून आंधळे झाले होते. साठवलेला पैसा त्यांचे कर्ज फेडण्यात आणि आईवडिलांची सोय लावण्यात गेला. नेपोलियनशी युद्ध सुरू असल्याने सैनिकी भरतीच्या चिठ्ठीत स्टीफन्सन यांचे नाव निघाले आणि बदली माणूस देण्यासाठी त्यांना पैसे उसने काढावे लागले. या काळात त्यांनी अमेरिकेला निघून जाण्याचा विचार केला होता. जाण्यापुरते पैसे नव्हते म्हणून ते राहिले.

दिवस पालटले ते १८११ मध्ये. न्यूकॅसलजवळच्या किलिंगवर्थ येथील एका नव्या खाणीत बसवलेला पंप पाणी उपसेना आणि जाणत्या यंत्रज्ञांनीही हात टेकले. स्टीफन्सन यांनी ते काम मागून घेतले, इंजिनात फेरफार केले आणि काही दिवसांत खाण कोरडी केली. पुढल्याच वर्षी ते तेथील खाणींचे मुख्य यंत्रज्ञ झाले. वेतन वर्षाला १०० पौंड. १८१४ मध्ये त्यांचे पहिले रेल्वे-इंजिन ‘ब्ल्यूखर’ चढावर ३० टन भार ओढत तासाला सुमारे ६ किमी. वेगाने चालले.

त्यांच्या धैर्याची खरी परीक्षा सुरक्षा दिव्याने घेतली. उघड्या दिव्याच्या ज्योतीने खाणीतला मिथेन पेट घेई. १८१२ मध्ये जवळच्या फेलिंग खाणीत अशा स्फोटात ९२ जीव गेले. अरुंद छिद्रांतून हवा आत घेणारा, काचेने झाकलेला दिवा स्टीफन्सन यांनी केला. २१ ऑक्टोबर १८१५ रोजी खाणीत जेथे वायू जोराने बाहेर येत होता, तेथे तो पेटता दिवा ते स्वतः घेऊन गेले. बरोबरचे लोक लांब थांबले होते. ज्योत मोठी झाली आणि विझली. स्फोट झाला नाही. पुढच्याच महिन्यात नामवंत रसायनशास्त्रज्ञ सर हम्फ्री डेव्ही यांनी तारेच्या जाळीचा दिवा लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेपुढे मांडला. डेव्ही यांना २,००० पौंडांचे पारितोषिक मिळाले, स्टीफन्सन यांना १०० गिनी (१ गिनी म्हणजे २१ शिलिंग). रसायनशास्त्र न शिकलेल्या कामगाराला असा दिवा सुचूच शकत नाही, त्याने कल्पना चोरली, असा डेव्हींच्या बाजूने आरोप झाला. यावर न्यूकॅसलचे लोक स्टीफन्सन यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १,००० पौंडांचा निधी जमवून त्यांचा सत्कार केला. दोघांनी आपापला दिवा स्वतंत्रपणे शोधला, असा निर्वाळा १८३३ मध्ये संसदेच्या समितीने दिला. ईशान्य इंग्लंडच्या खाणींत स्टीफन्सन यांचा ‘जॉर्डी’ दिवाच चालू राहिला.

अपमानाचा दुसरा प्रसंग १८२५ चा. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेच्या विधेयकावर संसदीय समितीपुढे त्यांची उलटतपासणी झाली. त्यांच्या नॉर्थम्बरलँडच्या बोलीची टर उडवली गेली. मार्गाच्या जमीन-मोजणीत सहायकांनी केलेल्या चुका वकिलांनी बाहेर काढल्या आणि स्टीफन्सन यांना त्यांचे समर्थन करता येईना. विधेयक बारगळले. येथे दोष केवळ समितीच्या उद्दामपणाचा नव्हता. मोजणी स्वतः तपासणे ही त्यांची जबाबदारी होती आणि कागदावरचे काम त्यांना कायम जड गेले. पुढच्या वर्षी नव्या मोजणीनिशी विधेयक मंजूर झाले आणि बांधकामासाठी कंपनीने पुन्हा त्यांनाच बोलावले.

मुलाच्या बाबतीत त्यांनी ही उणीव राहू दिली नाही. रॉबर्टला त्यांनी न्यूकॅसलच्या चांगल्या शाळेत घातले; तो गाढवावर बसून जाई. तेथील विद्वत्सभेच्या ग्रंथालयातून तो पुस्तके आणी, आकृत्या उतरवून आणी आणि रात्री बापलेक त्यांचा अभ्यास करत. १८१६ मध्ये दोघांनी मिळून घडवलेली छायाघटिका किलिंगवर्थच्या त्यांच्या घराच्या दारावर बसवली गेली. रॉबर्टला पुढे एडिनबरो विद्यापीठातही शिकता आले. हेच रॉबर्ट स्टीफन्सन ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे सल्लागार अभियंते झाले. या कंपनीची बोरीबंदर ते ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. त्या मार्गाचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली हेही रॉबर्ट यांच्याच हाताखाली तयार झाले होते.