आरोग्यसेवेतील समन्याय

राष्ट्रीय आरोग्यव्यवस्थेत उपचार गरजेनुसार मिळावेत आणि त्यांचा खर्च ऐपतीनुसार वाटला जावा, या तत्त्वास आरोग्यसेवेतील समन्याय म्हणतात. पैशांअभावी कोणीही पुरेशा उपचारांवाचून राहू नये, ही भूमिका भारतात आरोग्यव्यवस्थेची आखणी करणाऱ्या भोर समितीने १९४६ साली मांडली. करवीर (कोल्हापूर) संस्थानात या तत्त्वाचा एक पैलू आधीच हाताळला गेला होता. सरकारी दवाखान्यांत अस्पृश्य मानलेल्या रुग्णांनाही बरोबरीची वागणूक मिळावी, असा आदेश राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्ये काढला.

समान गरजेला समान सेवा हे सूत्र सोपे असले, तरी विषम परिस्थितीसाठी वेगळी तजवीज करणे अवघड असते. सपाटीवर ३०,००० आणि डोंगराळ वा आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा निकष त्यासाठीच आहे. मात्र तो माणसे मोजतो, वाट मोजत नाही. पूर सपाटीवरच्या शिरोळलाही सोडत नाही, पण गगनबावड्याच्या रस्त्यावर पाणी आले की डोंगरातल्या धनगरवाड्यावरील रुग्णाला कोल्हापूरचे सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) हे सरकारी रुग्णालय गाठणे दुरापास्त होते.

खर्चाच्या बाबतीत महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. ते मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यानंतरच्या उपचारांना लागू पडते. मधुमेह-रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या सरकारी केंद्रात शिल्लक नसतील, तर पदरमोड करावीच लागते. सार्वजनिक आरोग्यखर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाचे उद्दिष्टही गाठता आलेले नाही.

मोफत सेवासुद्धा प्रत्यक्षात किती महाग पडते, हे ऊसतोडीच्या हंगामात दिसते. बीडहून कोल्हापूरच्या कारखान्यांकडे आलेल्या टोळीतील गरोदर बाईची नोंद गावाकडच्या आशाताईंच्या वहीत असते, बाई मात्र इथल्या खोपीत. तपासणीला पैसे लागत नाहीत, पण त्या दिवसाचा खाडा पडतो आणि त्याची रक्कम उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या मजुरीच्या, हिशेबात वळती होते. त्यामुळे केंद्र किती वाजता उघडे असते, हाही समन्यायाचाच प्रश्न ठरतो. टोळी फडावरून परतल्यावर संध्याकाळी खोपीवर जाणारे फिरते पथक आणि गावाकडील नोंद इथल्या आरोग्यसेविकेला पाहता येईल अशी सोय, हे त्यावरचे व्यवहार्य उपाय होत.