पाळी जाण्याच्या काळात कॅलेंडर आणि पॅडचा हिशेब कसा ठेवावा

पॅडच्या पाकिटातला हा कागद चाळिशी ओलांडलेल्या ताई-माईंसाठी आहे. पाकीट मुलीचं किंवा सुनेचं असेल तर कागद घरात आईला, सासूबाईंना वाचायला द्या. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा.

"दोन महिने आलीच नाही, आणि आता आली तर थांबतच नाही." पॅड घ्यायला येणाऱ्या बायकांकडून आम्हाला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं ते हेच. पाळी उशिरा येणं या वयात बहुतेकींना होतं आणि त्याने सहसा बिघडत नाही. जास्त जाणं आणि भलत्या वेळी जाणं याकडे मात्र काणाडोळा करू नये. घरोघरी नेमकं उलटं होतं. पाळी चुकली की बायका घाबरतात, आणि दहा दिवस धो धो गेलं तरी "मोकळं होतंय" म्हणून अंगावर काढतात.

असं का होतं

आपल्याकडे पाळी कायमची थांबण्याचं सरासरी वय ४६-४७ आहे. ४५ ते ५५ मध्ये कधीही थांबली तरी ते ठीकच. त्याआधीची साधारण चार वर्षं पाळी मागे-पुढे होते. कुणाची दोनच वर्षं, कुणाची आठ. चाळिशीच्या आतच पाळी थांबली तर मात्र "लवकर सुटले" म्हणून गप्प बसू नका, डॉक्टरांना दाखवा. त्यात हाडं लवकर ठिसूळ होतात.

एरवी अंडाशयातून बीज सुटलं की प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक (हार्मोन) तयार होतं. ते गर्भाशयाच्या अस्तराला आवरून धरतं, आणि ते कमी झालं की अस्तर एकदम गळून पडतं, म्हणजे पाळी येते. या वयात काही महिने बीज सुटतच नाही. प्रोजेस्टेरॉन नसतं, पण इस्ट्रोजेन हे दुसरं संप्रेरक तयार होत राहतं, कधी नेहमीपेक्षा जास्तच. अस्तर वाढत राहतं आणि मग एकीकडून गळतं, दुसरीकडे तसंच राहतं. म्हणून लांबलेली पाळी पुष्कळदा जोरात येते आणि रेंगाळते. आत रक्त साचून राहिलेलं नसतं. जे जातं ते तुमच्या अंगातलं ताजं रक्त असतं, त्यामुळे ते जितकं जास्त जाईल तितका अशक्तपणा वाढतो.

सुरुवातीला दोन पाळ्यांमधलं अंतर कमी-जास्त होऊ लागतं: २६ दिवस, मग ३४, मग २३. लागोपाठच्या दोन अंतरांत सात दिवसांहून जास्त फरक वारंवार पडू लागला की हा काळ सुरू झाला असं समजा. पुढे कधीतरी ६० दिवस किंवा त्याहून जास्त खंड पडतो. तिथून पाळी कायमची जायला साधारण एक ते तीन वर्षं लागतात.

कॅलेंडर

भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं, मोबाइल लागत नाही. पाळीच्या पहिल्या दिवशी तारखेवर गोल करा. नुसता डाग पडला तर ठिपका द्या, गोल नको. अंतर मोजायचं ते पहिल्या दिवसापासून पुढच्या पहिल्या दिवसापर्यंत. पाळी संपली त्या दिवसापासून मोजणाऱ्या बायका पुष्कळ आहेत; त्यांचं २८ दिवसांचं अंतर २३ दिसतं आणि उगाच घोर लागतो. तिथीवरून लक्षात ठेवत असाल तर शुद्ध की वद्य तेही लिहा. "एकादशीला आली होती" एवढंच आठवलं तर पंधरा दिवसांची चूक होते.

पॅडचे गुण

"खूप जातं" असं सांगितलं की डॉक्टरांना नेमकं काही कळत नाही, कारण एकीचं खूप ते दुसरीचं नेहमीचं असतं. एका पाळीत सहसा ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. ८० च्या वर गेलं तर ते जास्त. मिलिलिटर घरी मोजता येत नाहीत, पण पॅड बघून गुण देता येतात. डॉक्टरही हीच पद्धत वापरतात.

काढलेल्या पॅडवर थोडासाच डाग असेल तर १ गुण. साधारण अर्धं भिजलं असेल तर ५. पुढून मागपर्यंत चिंब असेल तर २०. रुपयाच्या नाण्याएवढी किंवा लहान गाठ पडली तर १, दहा रुपयांच्या नाण्याएवढी किंवा मोठी पडली तर ५. पूर्ण पाळीची बेरीज करा.

उदाहरण घ्या. पाच दिवसांत ४ पॅड चिंब (८०), ५ अर्धे (२५), ३ डागाचे (३) आणि २ लहान गाठी (२). एकूण ११०. बेरीज १०० च्या वर गेली की रक्तस्राव जास्त धरतात. बारा पॅड ही संख्या ऐकायला काहीच वाटत नाही, म्हणून नुसते पॅड मोजू नका, ते किती भिजले तेही बघा. स्वच्छतेसाठी दर तीन तासांनी पॅड बदलणारीचे वीस पॅड होतील आणि बेरीज ४० सुद्धा भरणार नाही.

दोन ठिकाणी हा हिशेब चुकतो. रात्रीचं लांब पॅड जास्त शोषतं, त्यामुळे ते चिंब झालं तर २० गुण कमीच पडतात. घडीच्या कापडाचंही तसंच. मासिक पाळीचा कप वापरणाऱ्यांचं काम सोपं आहे: बहुतेक कपांवर मिलिलिटरच्या खुणा असतात, ओतण्याआधी आकडा बघून लिहायचा.

आमचा धंदा पॅड विकण्याचा आहे, तरी सांगतो. एका पाळीला एक पाकीट लागायचं तिथे तीन लागू लागली, तर चौथं घेण्याआधी डॉक्टरांकडे जा.

कधी थांबायचं नाही

तासाला एक पॅड चिंब होतंय आणि असं सलग दोन तास चाललंय, सोबत चक्कर, छातीत धडधड किंवा डोळ्यांपुढे अंधारी आहे, तर रात्र असो की शेतातलं काम, त्याच वेळी दवाखाना गाठा. १०८ ची गाडी मोफत आहे.

इतकी घाई नाही, पण आठवड्याच्या आत दाखवायला हवं असं: पाळी आठ दिवसांच्या वर चालली, अंतर वारंवार २१ दिवसांच्या आत आलं, दोन पाळ्यांच्या मध्येच लाल गेलं, संबंधानंतर रक्त आलं, किंवा गुणांची बेरीज दोन पाळ्या लागोपाठ १०० च्या वर गेली. वजन जास्त असेल, साखर किंवा बीपी असेल, किंवा पाळी आधीपासूनच तीन-तीन महिने लांबत असेल, तर आणखी लवकर जा. अशांमध्ये अस्तर प्रमाणाबाहेर वाढण्याचा धोका जास्त असतो.

पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या

श्रावणात कानबाईचे रोट, चैत्रात सप्तशृंगीगडाची पायी वारी, घरचं लग्न. या दिवसांत मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायची गोळी सर्रास नेली जाते. ती गोळी नॉरएथिस्टेरॉनची असते, आणि पाळीच्या तीन दिवस आधी सुरू करावी लागते. तारीखच पक्की नाही तर तीन दिवस आधी म्हणजे कधी? मग बायका अंदाजाने सुरू करतात आणि धोका नको म्हणून वीस-वीस दिवस घेत राहतात. मध्ये एखादी चुकली की डाग पडतो, म्हणून दोन एकदम घेतात. बंद केल्यावर जोरात जातं. शिवाय त्या दोन-तीन महिन्यांचं कॅलेंडर वाचण्यालायक राहत नाही, कारण पाळी स्वतः आली की गोळीने आणली हे कळत नाही. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झालेली किंवा यकृताचा आजार असलेली बाई असेल तर ही गोळी परस्पर घेऊच नये.

हीच गोळी डॉक्टर जोराचा रक्तस्राव थांबवायलाही देतात, साधारण दहा दिवस. इथे हमखास एक घोटाळा होतो. कोर्स संपल्यावर दोन-चार दिवसांत पुन्हा रक्त जातं. ते अपेक्षितच असतं, आतलं अस्तर गळून पडत असतं. बायका समजतात औषध लागू पडलं नाही, आणि उरलेली पट्टी पुन्हा सुरू करतात. तसं करू नका. नेहमीच्या पाळीइतकं गेलं आणि थांबलं तर ठीक. त्याहून जास्त गेलं तर डॉक्टरांना फोन करा.

डॉक्टर काय करतील

आधी लघवीची गर्भचाचणी, मग हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि सोनोग्राफी. थायरॉइडच्या बिघाडानेही पाळी बिघडते आणि थकवा येतो, ते तपासल्याशिवाय सगळं वयावर ढकलू नये. ४५ च्या पुढे जास्त जात असेल तर अस्तराचा बारीक तुकडा तपासायला घेतात. बाह्यरुग्ण विभागातच, बारीक नळीने, काही मिनिटांत होतं. पोटात कळ येते. हे टाळू नका. उलट, ४५ नंतर "पाळी जाणार का" हे बघायला एफएसएच या संप्रेरकाची महागडी तपासणी सहसा लागत नाही. त्याचा आकडा या काळात सारखा वर-खाली होतो, एका रिपोर्टवरून काही ठरत नाही.

औषधांत रक्तस्राव कमी करणारं ट्रानेक्झॅमिक ॲसिड फक्त जास्त जाण्याच्या दिवसांत घ्यायचं असतं, महिनाभर नाही. शिरेत गाठ झालेली असेल तर ते चालत नाही, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. मेफेनॅमिक ॲसिड दुखण्यालाही आणि रक्तालाही उपयोगी, पण जेवूनच घ्या. ॲसिडिटीचा अल्सर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर नको. दरवेळी जास्त जात असेल आणि गाठ-कॅन्सर नसेल, तर गर्भाशयात बसवायची लेव्होनॉरजेस्ट्रेल या संप्रेरकाची तांबी हा आमच्या मते पुष्कळजणींसाठी सगळ्यात सोयीचा उपाय आहे. ती तांब्याच्या कॉपर-टीपेक्षा वेगळी: कॉपर-टीने रक्त वाढू शकतं, हिने कमी होतं. बसवल्यावर पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग पडतात. त्याला वैतागून ती काढून टाकणाऱ्या बायका फायदा दिसायच्या आधीच हात आखडता घेतात.

आता पिशवी काढण्याबद्दल. कॅन्सर, मोठ्या गाठी, औषधांना दाद न देणारा रक्तस्राव, अशा वेळी ती काढावी लागते आणि काढावीच. पण पहिल्याच भेटीत, एका सोनोग्राफीवर, "कॅन्सर होईल" एवढं सांगून कुणी तारीख देत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. बीडच्या ऊसतोड बायकांच्या ऑपरेशनांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला तो याच कारणाने. काढायचं ठरलंच तर अंडाशय ठेवणार की काढणार, हे आधी स्पष्ट विचारा. अंडाशय काढले की पाळी जाण्याचा सगळा त्रास एका रात्रीत सुरू होतो.

रक्त कमी झालं असेल तर

हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत घ्या. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्यापासून दोन तास लांब. शौच काळी होते, त्याला घाबरू नका. मळमळलं तर रात्री जेवल्यावर घ्या, पण बंद करू नका. आकडा सुधारला तरी साधारण तीन महिने चालू ठेवायची असते, कारण अंगातला साठा उशिरा भरतो. बाजरीची भाकरी, कळण्याची भाकरी, उडीद, पालेभाज्या चांगल्याच, पण एवढं रक्त जाऊन झालेली कमी नुसत्या खाण्याने भरून निघत नाही. सातपुड्याच्या पट्ट्यात, नंदुरबार-अक्कलकुवा-धडगावकडे, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. तिथे तपासणीआधी नुसत्या अंदाजाने लोह सुरू करू नका.

पॅड आणि इतर

पाळी कधीही येते, म्हणून पिशवीत दोन पॅड आणि एक चड्डी कायम ठेवा. कापूस वेचणीच्या दिवसांत तर हवंच. जोराच्या दिवशी दोन पॅड एकावर एक लावून उपयोग नाही, वरच्याच्या प्लॅस्टिकमुळे खालच्यापर्यंत काही पोचत नाही. एक पुढे, एक मागे असं थोडं चढवून लावा. या वयात तिथली त्वचा पातळ आणि कोरडी होते, म्हणून सुगंधी पॅड टाळा आणि डागापुरतं असलं तरी सहा तासांत बदला. कापडी पॅड आधी गार पाण्यात भिजवा, गरम पाण्याने डाग पक्का बसतो. मग साबणाने धुऊन उन्हात, उघड्यावर वाळवा; पलंगाखाली, ओल्या अंधारात नको.

छातीपासून तोंडापर्यंत एकदम आग, घाम, मग थंडी, हा झटका काही मिनिटांचा असतो. मे महिन्यात तो जळगाव-भुसावळच्या उन्हात लपतो आणि कळत नाही. जानेवारीच्या रात्री पांघरूण फेकावंसं वाटलं की ओळखा. झोप उडत असेल तर त्यावरही औषध आहे, तेही डॉक्टरांना विचारा.

पाळी लांबते म्हणजे दिवस जाणार नाहीत असं नाही. दोन-तीन महिने चुकली तर आधी तपासा. आशाताईंकडे मोफत किट मिळतं. पन्नाशीच्या आत शेवटची पाळी आली असेल तर त्यानंतर दोन वर्षं, पन्नाशीनंतर आली असेल तर एक वर्ष, गर्भनिरोधक चालू ठेवा.

सलग १२ महिने एकही पाळी नाही, तेव्हाच ती गेली म्हणायचं. अकराव्या महिन्यात आली तर मोजणी पुन्हा एकपासून. आणि १२ महिने पूर्ण झाल्यावर थेंबभर डाग पडला तरी, एकदाच पडला तरी, दुखत नसलं तरी दाखवायचं. "पुन्हा आली" म्हणून त्याचं कौतुक नको. बहुतेकदा कारण साधं निघतं, पण कॅन्सरची पहिली खूणही हीच असते, आणि लवकर कळला तर तो बरा होतो.

दवाखान्यात जाताना कॅलेंडरची पानं, पॅडच्या गुणांचा कागद, आधीचे सोनोग्राफी रिपोर्ट आणि घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या न्या, बीपी-साखरेच्याही, आयुर्वेदिकही. रक्त जात असलं तरी जा, पाळी संपायची वाट बघू नका. पोटावरून सोनोग्राफी करायची तर लघवी तुंबलेली लागते, आतून करायची तर मोकळी. एसटीने येणार असाल तर घरून पाणी पिऊन निघू नका. स्टँडवर मोकळं व्हा, दवाखान्यात नंबर लावून कोणती सोनोग्राफी ते विचारा, आणि मग लागलं तर लिटरभर पाणी प्या.