सततची चिडचिड आणि तिच्याआडचं नैराश्य

नैराश्य म्हटलं की तोंड पाडून बसलेला, रडवेला माणूस डोळ्यांसमोर येतो. पण पुरुषांमध्ये आणि किशोरवयीन मुलांमध्ये ते पुष्कळदा चिडचिडीच्या रूपानं बाहेर पडतं. चहा गार झाला, कुणी मध्येच बोललं, गाडीला कुणी आडवं आलं, की भडका. घरचे ‘स्वभावच तापट’ म्हणून सोडून देतात आणि उपचाराविना वर्षं निघून जातात.

नुसत्या तापट माणसाचा राग येतो आणि ओसरतो. मधल्या वेळात तो हसतो, जेवतो, मॅच बघतो. नैराश्यात मात्र किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, कशातच गोडी वाटत नाही. पहाटे तीन-चारला जाग येते, अंग जड वाटतं आणि भडका उडून गेला की स्वतःचाच तिरस्कार वाटू लागतो. ‘पीएचक्यू-९’ ही ९ प्रश्नांची प्रश्नावली डॉक्टर वापरतात. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण असतात. बेरीज १० किंवा त्याहून जास्त आली तर तपासणी करून घ्यावी. निदान डॉक्टरच करतील.

‘राग मनात ठेवू नकोस, एकदा काढून टाक’ हा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो चुकीचा आहे. ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञानं २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चिडवलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना चिडवणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला लावलं. त्यांचाच राग सर्वांत जास्त राहिला. काहीही न करता नुसते बसलेले त्यांच्यापेक्षा शांत होते. ठोसे मारताना छातीची धडधड चढतीच राहते आणि तोच प्रसंग मनात पुन्हा घोळतो.

भडका उडण्याच्या बेतात असेल तेव्हा ‘मी वीस मिनिटांनी येतो, मग बोलू’ असं सांगून तिथून उठावं. न सांगता निघून गेलं तर समोरच्याला तो अपमान वाटतो आणि भांडण पाठोपाठ येतं. मग चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर, असं पाच मिनिटं. श्वास हळू आणि नेहमीइतकाच घ्यावा. जोरजोरात मोठे श्वास घेतले तर गरगरतं. त्या वीस मिनिटांत मनातल्या मनात भांडण चालूच ठेवलं तर उठून काही उपयोग झाला नाही, म्हणून हात गुंतवणारं काम घ्यावं: भांडी घासा, भाजी निवडा.

हे झालं त्या क्षणापुरतं. रागाच्या मुळाशी असलेल्या नैराश्यासाठी वेगळा उपाय लागतो, आणि त्यातला एक म्हणजे कृतीतून उभारी. १९७० च्या दशकात पीटर लेविनसन या मानसशास्त्रज्ञानं त्याचा पाया घातला. मन खचलं की माणूस कामं, भेटीगाठी सोडतो. त्यातून मिळणारं समाधानही थांबतं, मग मन आणखी खचतं. हे चक्र कृतीच्या बाजूनं तोडायचं असतं.

पहिला आठवडा फक्त नोंद करायची: वेळ, काय करत होतो, मनःस्थिती ० ते १०, राग ० ते १०. ‘मंगळवार, संध्याकाळी ७.३०, मुलानं टीव्हीचा आवाज वाढवला, राग ८.’ अशा नोंदीच्या आधीच्या ओळी वाचल्या की खरं कारण सापडतं: दुपारचं जेवण चुकलेलं, रात्री चारच तास झोप, दिवसभर मोबाइलवर पडून. दुसऱ्या आठवड्यात दोनच कृती ठरवायच्या, वेळ आणि जागेसकट: ‘सकाळी ७ वाजता चौकापर्यंत चालत, १० मिनिटं.’ इच्छा होण्याची वाट पाहू नये. इच्छा बहुधा कृतीच्या मागून येते. बरेच जण पहिल्याच दिवशी तासभर व्यायाम ठरवतात आणि तिसऱ्या दिवशी सगळंच सोडतात. जमलं नाही तर दहाची पाच मिनिटं करा, पण वेळ तीच ठेवा.

डॉक्टरांकडे गेल्यावर थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासायचं का, ते विचारावं; थायरॉइडच्या बिघाडातही अशीच चिडचिड आणि थकवा दिसतो. दारू किती, हे खरं सांगावं. कधी दोन-तीन तासांच्या झोपेवरही दिवसचे दिवस अफाट उत्साह, बेफाम खर्च असं झालं असेल तर तेही सांगायलाच हवं. तो द्विध्रुवीय (बायपोलर) आजार असू शकतो, आणि त्यात नुसती नैराश्याची गोळी दिली तर उन्माद उसळू शकतो.

एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन यांसारख्या नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला सहा ते आठ. मळमळ, अस्वस्थता मात्र पहिल्याच आठवड्यात होते, म्हणून अनेक जण चौथ्या-पाचव्या दिवशी गोळी टाकून देतात. बरं वाटू लागल्यावरही ती किमान सहा महिने चालू ठेवतात आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करतात. एकदम बंद केली तर चक्कर, झोप उडणं आणि पुन्हा तीच चिडचिड. पंचविशीच्या आतल्यांवर सुरुवातीचे काही आठवडे घरच्यांनी जास्त लक्ष ठेवावं, कारण या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात.

घरात हात उठत असेल तर बायको-मुलांची सुरक्षितता आधी. आजार आहे म्हणून मार सहन करा, असं कुणालाही सांगू नये. मरणाची भाषा येत असेल तर माणसाला एकटं सोडू नका, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. घरातली कीटकनाशकं आणि गोळ्यांचा साठा कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. टेली-मानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. घरच्यांनीही हा फोन करायला हरकत नाही.