नव्या रिसीव्हरला जुनी किल्ली ओळखू का येत नाही?

गेल्या आठवड्यात बेळगावात आमच्या गल्लीच्या ग्रुपवर तो जुना मेसेज पुन्हा फिरला: किल्ली गाडीत अडकली तर घरी फोन लावा, दुसऱ्या किल्लीचं बटण मोबाइलजवळ दाबायला सांगा, दार उघडतं. उघडत नाही! फोन आवाज वाहून नेतो. किल्ली बोलते रेडिओलहरींत, अनेक गाड्यांत ४३३.९२ मेगाहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४३ कोटींहून जास्त आंदोलनं. फोनच्या माइकपर्यंत त्यातलं काहीच पोचत नाही.

किल्लीचं हे बोलणं ऐकतो गाडीच्या डॅशबोर्डखालचा काडेपेटीएवढा रिसीव्हर. माझ्या गाडीचा खानापूरच्या पावसात गेला. सेल बदलूनही दोन्ही किल्ल्या मुक्या, म्हणजे दोष गाडीत. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडली, एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना हात न लावता कनेक्टर काढला. पिनांवर पितळेच्या भांड्याला चढतो तसा हिरवा कळंक. त्याच पार्ट नंबरचा नवा रिसीव्हर बसवला, अँटेनाची १७ सेंटिमीटरची तार सरळ ठेवली. लहरीची लांबी ६९ सेंटिमीटर, तार तिच्या पाव.

दार ढिम्म. उद्यमबागेतल्या ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनला फोन लावला. तो म्हणाला, "रिसीव्हर बसवलासा खरं, किल्लीशी ओळख कुठं करून दिलीसा?"

ही ओळख म्हणजेच या यंत्रणेचा प्राण. कीलॉक (KeeLoq) ही किल्लीचा सिग्नल दर वेळी बदलणारी, १९८०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत जन्मलेली पद्धत घ्या. किल्लीत एक मोजणी चालू असते. दर दाबाला आकडा एकाने वाढतो आणि ६४ बिटांच्या (म्हणजे शून्य-एकच्या ६४ अंकांच्या) गुप्त संख्येसोबत ५२८ वेळा घुसळला जातो. बाहेर पडतात ३२ बिट. आकडा एकानेच सरकला, तरी त्यातले सरासरी निम्मे बिट पालटतात! रिसीव्हर तीच गुप्त संख्या वापरून घुसळण उलटी फिरवतो आणि आकडा आपल्या नोंदीशी ताडतो. मागचा आकडा आला तर दार बंदच, म्हणून चोराने कालचा सिग्नल नुसता टिपून ठेवून भागत नाही. घरात पोरानं पाच-दहा वेळा बटण दाबलं तरी चालतं, कारण पुढचे साधारण १६ आकडे रिसीव्हर मान्य करतो. त्याहून पुढे गेला तर लागोपाठ दोन दाब मागतो.

ओळख होताना गुप्त संख्या हवेतून जात नाही. किल्लीचा अनुक्रमांक आणि उत्पादकाची मूळ संख्या यांवरून रिसीव्हर ती स्वतः काढतो. २००८मध्ये जर्मनीतल्या बोखुमच्या संशोधकांनी चिप किती वीज खाते एवढं मोजून ती मूळ संख्याच शोधली. तेव्हा 'हॅकच होत नाही' असं सांगून कुणी काही विकायला आलं, तर विश्वास ठेवू नका.

काही गाड्यांना ओळखीसाठी स्कॅनर, म्हणजे गाडीला जोडायचं मेकॅनिककडचं यंत्र लागतं. माझ्या गाडीत इग्निशन ठरावीक वेळा चालू-बंद करून बटण दाबलं आणि इंडिकेटर लुकलुकले. दुसरी किल्ली मात्र अजून परकीच होती. तिचीही ओळख वेगळी करून द्यावी लागली.